काडीमोड, रखमाबाई आणि आपलं हायकोर्ट

आमच्या गुडीहत्नूरकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'घटस्फोट' हा शब्द उशिरा आला. त्याआधी 'फारकत' होती, 'काडीमोड' होती. पंचांपुढं काडी मोडली की नातं तुटलं. बाई माहेरी यायची, पुढं पाट लागायचा. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नसे हे खरंच. पण सुटायला वाट होती.

ही वाट नसली की काय होतं, ते रखमाबाईंच्या खटल्यात दिसतं. मुंबईच्या सुतार समाजातलं घर. आई जयंतीबाईंनी वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केलेला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजींशी झालं, पण त्या नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी हायकोर्टात दावा लावला: बायकोला नांदायला पाठवा. गंमत अशी, की हा दावा ना शास्त्रातला ना पंचांचा; तो इंग्रजांच्या चर्च-कोर्टांतून इथं आलेला. न्या. पिन्ही यांनी १८८५ साली तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांचा हुकूम झाला: महिन्यात नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने कैद. कैद पत्करीन, पण जाणार नाही, असं बाईंनी सांगितलं. टिळकांच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली.

१८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढच्याच वर्षी बाई डॉक्टरी शिकायला लंडनला गेल्या. त्यांनी तिथं आश्रय मागितला नव्हता. पण इथल्या बोलण्यापासून सुटायला तेवढं अंतर लागलं, असं मला वाटतं. (घरच्यांच्या भीतीनं पळालेल्या बाईला निर्वासित मानावं, हे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९९९ साली दोन पाकिस्तानी स्त्रियांच्या प्रकरणात मान्य केलं.) राणी व्हिक्टोरियानं हे लग्न मोडलं, असं बरेच ठिकाणी छापलेलं असतं. मला ते पटत नाही. १९०४ साली दादाजी वारले तेव्हा बाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसलं. मोडलेल्या लग्नाचं कुणी सुतक पाळतं का?

त्या २५ सप्टेंबर १९५५ ला गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला होता. त्यात घटस्फोट आला, पण कलम ९ मध्ये तोच 'नांदायला पाठवा'चा दावाही राहिला. आदिलाबाद आंध्र प्रदेशात असताना, १९८३ साली, आपल्या हायकोर्टाचे न्या. चौधरी यांनी टी. सरिता या अभिनेत्रीच्या खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवलं. वर्षभरात, १९८४ मध्ये, सुप्रीम कोर्टानं ते पुन्हा उभं केलं. आजही आहे.

त्याच कायद्याचं कलम २९ मात्र रूढीनं झालेली काडीमोड मानतं. अट एकच: आमच्यात ही चाल होती, हे कोर्टात शाबीत करावं लागतं. नाहीतर पाट लागलेल्या बाईचं दुसरं लग्नच खोटं ठरू शकतं. तेव्हा कुणाच्या घरी फारकतीचा जुना कागद, पंचांचे अंगठे असलेला स्टँप असेल, तर रद्दीत टाकू नका. मंडळाला फोटो काढू द्या. नावं झाकून ठेवू.