चकमक ते लायटर

गारगोटीवर चकमक झाडायची, ठिणगी कापसावर झेलायची, मग फुंकर घालायची. विस्तव करण्याची ही आपली जुनी रीत. १८८० साली फ्रान्समध्ये क्युरी बंधूंना आढळले, की काही स्फटिकांवर दाब दिला म्हणजे वीज निर्माण होते. आपल्या लायटरची ठिणगी त्यातूनच आली.

मुंबईत १९५५ मध्ये आलेला सिलिंडरचा गॅस २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांत अधिक घरी पोचला. चूल पेटेना, तर आपण फुंकत राहतो. शेगडीला ही सवय घातक. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. लायटर ओला असेल, बर्नरची छिद्रे तुंबली असतील, तर ठिणग्या पाडत बसू नका. आधी गॅस बंद करा, दारे-खिडक्या उघडा. वास पूर्ण गेल्यावरच पुन्हा पेटवा.