कळलावीचे कूळ

पावसाळा भरात आला की पेडणे तालुक्यातील चोपडे गावच्या उतरणीसारख्या जागी, कुंपणांतून आणि रानाच्या कडेने, कळलावी फुलते. सहा नागमोडी पाकळ्या वर उलटलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि शेंड्याशी लाल. पानाचे टोकच तणावा होऊन शेजारच्या झुडपाला विळखा घालते. ही खूण सहसा चुकत नाही. चतुर्थीच्या माटोळीत रानातील फळाफुलांबरोबर हे फूलही बांधलेले दिसते. असे हे परिचित फूल. पण ते कोणत्या कुळातले, हे निश्चित व्हावयास वनस्पतिशास्त्राला जवळजवळ अडीचशे वर्षे लागली.

लोकांनी नावे केव्हाच दिली होती. कंद नांगरासारखा वाकडा म्हणून लांगली, फूल ज्वालेसारखे म्हणून अग्निशिखा, आणि अडलेल्या स्त्रीच्या अंगाला कंदाचा लेप लावून कळा आणीत म्हणून कळलावी. तिला बचनागही म्हणतात. आणि हेच नाव हिमालयातील एका अगदी निराळ्या वनस्पतीलाही आहे. दोन्ही जहाल विषारी. एकाच नावाखाली दोन विषे वावरू लागली, म्हणजे वनस्पती ओळखणे ही केवळ हौसेची गोष्ट राहत नाही.

या नावांना ग्रंथात जागा मिळाली ती सतराव्या शतकात. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने सिद्ध केलेला ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या साहाय्यकांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट हे तीन कोकणी वैद्यही होते. गोव्यातून दक्षिणेस गेलेल्या समाजातील या तिघांचे १६७५ सालचे कोकणी निवेदन पहिल्या खंडात देवनागरी लिपीत छापलेले आहे. सातव्या खंडात आपली कळलावी ‘मेंदोनी’ या मलबारी नावाने येते.

१७५३ साली स्वीडनच्या कार्ल लिनीअसने त्या ‘मेंदोनी’चा आधार देऊन तिचे शास्त्रीय नाव ठरविले : ग्लोरिओसा सुपर्बा. त्याची वर्गीकरणाची रीत सोपी होती. फुलातील पुंकेसर मोजावयाचे, मग स्त्रीकेसराचे देठ मोजावयाचे. कळलावीस सहा पुंकेसर आणि एक देठ. भातासही सहाच पुंकेसर, म्हणून भात त्याच वर्गात बसले. उलट, युरोपातील कुरणांत शरद ऋतूत फुलणारे कॉल्चिकम नावाचे विषारी फूल, देठ तीन म्हणून निराळ्या गणात गेले. मोजणी अचूक होती. नाते मात्र हुकले.

आपल्या मुलखाच्या वनस्पतींची सूची पुढे १८९८ साली लिस्बन येथे प्रसिद्ध झाली. नदीपलीकडे बार्देशात आसगाव आहे. तेथील दालगाद घराण्यातील डॉ. दानिएल जेलानिओ दालगाद यांनी ‘फ्लोरा द गोवा ई सावंतवाडी’ हा ग्रंथ रचला. गोवा आणि सावंतवाडी ही नावे त्यांनी जोडून घेतली, ते योग्यच होते. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांचाच होता, आणि रानाला सरहद्द ठाऊक नसते.

नात्याचा खरा पुरावा रसायनशाळेतून आला. कॉल्चिकमपासून १८२० साली फ्रान्समध्ये एक विषारी द्रव्य वेगळे काढण्यात आले होते. त्याला पुढे कॉल्चिसीन हे नाव मिळाले, आणि संधिवाताच्या एका प्रकारावर ते आजही मोजून मापून देतात. तेच द्रव्य कळलावीच्या कंदात असल्याचे १९१५ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखविले. तोवर कळलावीची गणना विस्तीर्ण अशा पलांडू कुळात, म्हणजे लिलींच्या गोतावळ्यात, होत असे. आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावर आधारलेल्या १९९८ सालच्या वर्गीकरणाने तिला कॉल्चिकमच्याच कुळात बसविले.

गावच्या वैदूला या कुळाचे नाव ठाऊक नव्हते. तिच्यातील सामर्थ्य मात्र ठाऊक होते. ते ज्ञान आता विरळ होत चालले आहे आणि कंद मात्र तसाच विषारी आहे. रताळ्यासारखा खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. म्हणून मुलांना हे फूल दाखवावे, त्याची दोन्ही नावे सांगावीत, आणि कंदाला हात लावू देऊ नये.