कॉम्प्युटर फॉरमॅट करताय? कोणता डेटा जपायचा, कोणता सोडायचा

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करून विंडोज ११ टाकायचं ठरलं की दुरुस्तीवाला विचारतो, "डेटा काय ठेवायचा?" त्यावर "डेस्कटॉपवरचं सगळं" एवढं उत्तर पुरत नाही.

सी ड्राइव्हमधले 'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाइल्स' हे फोल्डर सोडून द्या. ते नव्याने टाकता येतात आणि नुसते कॉपी करून प्रोग्राम सहसा चालतही नाहीत. आपली कमाई असते ती 'युजर्स'मध्ये, आपल्या नावाच्या फोल्डरात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स तिथेच असतात. डाउनलोड्समध्ये निम्मा कचरा असतो, पण बँकेची स्टेटमेंटं आणि जीएसटीची रिटर्न्सही बहुधा तिथेच पडलेली असतात.

टॅलीचं मात्र वेगळं आहे. टॅलीप्राइमचा डेटा सहसा आपल्या फोल्डरात नसून 'युजर्स'मधल्या 'पब्लिक'खाली असतो. कंपन्यांच्या फोल्डरांना नावं नाहीत, नुसते आकडे! ते बघून कुणालाही फालतू वाटावं. कंपनी निवडायच्या स्क्रीनवर डेटाचा पाथ दिसतो, तो लिहून घ्या. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात.

आता आपल्या मराठी लोकांची खास अडचण. बेळगाव असो की इंदूर, बडोदा, मंडळांचे आणि वाचनालयांचे जुने अहवाल श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले सापडतात. फाइल राहिली आणि फॉन्ट गेला, तर मराठीच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. म्हणून 'विंडोज' फोल्डर सोडताना त्यातल्या 'फॉन्ट्स'मधले हे फॉन्ट तेवढे उचला. महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ करा, सवडीने युनिकोडमध्ये बदलून घ्या.

कॉपी डी ड्राइव्हवर ठेवली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. सी आणि डी बऱ्याचदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी घरी किंवा क्लाउडवर हवी. काम झालं की हार्ड डिस्क काढून ठेवा, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. आणि फॉरमॅटला 'हो' म्हणण्याआधी त्या डिस्कवरच्या चार-पाच फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, त्यात एक टॅलीची आणि एक जुनी मराठी हवीच.