पाझर : नीरा डाव्या कालव्याकाठच्या सणसरचा माती-पाण्याचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेले सणसर हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. सह्याद्रीच्या माथ्यावर बहुतेक पाऊस रिता करून उरलेले ढग ज्या भागावरून कोरडेच पुढे सरकतात त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. येथे वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा भाद्रपद-आश्विनातल्या परतीच्या सरींचा असतो. तरीही गावाभोवती नजर पोहोचेल तिथवर ऊस उभा दिसतो, कारण या शिवारातून नीरा डावा कालवा जातो. धरणातला साठा, सुटलेली आवर्तने म्हणजे पाण्याच्या पाळ्या, भिजलेले क्षेत्र आणि वसूल झालेली पाणीपट्टी अशा मोजमापांनी या कालव्याचा इतिहास सरकारी दप्तरांत व्यवस्थित नोंदलेला आहे. परंतु कालव्याच्या मातीच्या तळातून आणि भरावातून जे पाणी जमिनीत उतरत राहिले, ज्याला येथे 'पाझर' म्हणतात, त्याची मागणीही कोणी केली नव्हती आणि पट्टीही कोणी भरली नाही. गेल्या सुमारे १४० वर्षांत येथल्या मातीचे आणि विहिरींचे जे काही झाले, त्यात या बिननोंदीच्या पाण्याचा वाटा पाटातल्या पाण्याइतकाच मोठा आहे.

सणसर ज्यात येते त्या इंदापूर तालुक्याचे कालव्यापूर्वीचे चित्र महसुली इतिहासातून बरेच स्पष्ट दिसते. इंग्रजी अंमलाच्या पहिल्या दशकांत प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या पाहणीवरून ठरलेला शेतसारा जमिनीच्या कुवतीला पेलला नाही, कुळे जमिनी टाकून परागंदा होऊ लागली, आणि म्हणून गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी फेरपाहणी हाती घेतली. तिचा आरंभ १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातूनच झाला आणि पुढे मुंबई इलाख्यात रूढ झालेल्या सारापद्धतीचा नमुना याच कोरडवाहू शिवारात घडला. या पाहणीत जमिनीची प्रत तिचा रंग, पोत आणि खोली यांवरून ठरवली जाई: नदी-ओढ्यांकाठची खोल काळी, उताराची तांबडी, आणि मुरमाच्या पातळ थराची बरड. काळीत रब्बीचा शाळू, करडई आणि हरभरा होई, हलक्या रानात बाजरी, मठ आणि हुलगे निघत, आणि विहिरीवर मोट चालवून भिजणारे बागायत अगदी थोडे असे. बरड आणि माळरान मात्र मोकळे नव्हते. कुसळी, पवना, मारवेल अशी गवते, मधूनमधून हिवर, बोर आणि बाभळी, आणि त्यांवर चरणारी धनगरांची मेंढरे, अशी ती एक स्वतंत्र घडी होती. सुगी उरकल्यावर शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवीत, म्हणजे कळपाला रात्रभर शेतात थांबवून लेंडी-मुताचे खत जमिनीला मिळवून देत, आणि त्याबदल्यात धनगराला धान्य मिळे. माळ आणि काळी रान एकमेकांना असे बांधलेले होते.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने ही घडी हादरली. नीरा खोऱ्यात कालवा काढण्याचे विचार त्याआधीपासून चालू होते. प्रत्यक्ष काम या दुष्काळात सुरू झाले आणि खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या दुष्काळग्रस्तांच्या हातून ते पुढे सरकले. वीर येथे नीरेवर बंधारा घालून काढलेला हा सुमारे १६० किलोमीटर लांबीचा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. त्याला बारमाही पाणी मिळावे म्हणून भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधण्यात आले, आणि पुढे त्याच ठिकाणी अधिक उंचीचे नवे धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाले. सणसरच्या दृष्टीने ही घटना साधी नव्हती. आजवर गावाचे नशीब गावावरच्या आभाळाशी बांधलेले होते. आता ते कित्येक कोस दूर असलेल्या भोरच्या डोंगरांवर पडणाऱ्या पावसाशी बांधले गेले.

कालव्यामागचा सरकारी हेतू ज्वारी-बाजरीसारखी अन्नधान्ये दुष्काळात वाचवण्याचा होता. तो फसला, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी शाळूला कालव्याचे पाणी लागत नसे, त्यामुळे शेतकरी पट्टी भरून पाणी घेत नसत. दुष्काळी वर्षी मात्र सगळे एकदम पाणी मागत आणि ते पुरे पडत नसे. बारमाही वाहणाऱ्या पाण्याला बारमाही पीक हवे होते, आणि ते ऊस ठरले. सासवडकडच्या माळी बागाईतदारांनी खाली बारामतीच्या बाजूला येऊन जमिनी खंडाने घेतल्या, पेंड आणि शेणखत घालून ऊस लावला आणि गुऱ्हाळे उभारली. चुलवाणावर ठेवलेली काहील, तिच्यात उकळणारा रस, जळणासाठी वाळत घातलेली चिपाडे आणि साच्यातून निघणाऱ्या गुळाच्या ढेपा हे या काठाचे नवे हंगामी दृश्य झाले. ऊस भरमसाट पाणी पितो. आषाढ-श्रावणात लावलेला अडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो आणि पाटाने दिल्यास त्याला २,००० मिलिमीटरहून अधिक पाणी लागते, म्हणजे येथल्या वर्षभराच्या पावसाच्या चौपट. हे पाणी थोड्यांच्याच शेतात एकवटू नये म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखलेली गटपद्धत दख्खनच्या कालव्यांवर लागू झाली. तीत गावोगाव जमिनीचे गट पाडून गटाच्या साधारण एक-तृतीयांश भागातच ऊस आणि उरलेल्या भागात हंगामी पिके घ्यावीत, आणि हा क्रम फिरता ठेवावा, असा नियम होता. कालवा अधिक गावांपर्यंत पोहोचावा आणि जमिनीला विसावा मिळावा, अशी दुहेरी दूरदृष्टी तिच्यात होती.

पाझराने आपला पहिला परिणाम याच काळात दाखवला. नीरेकाठची काळी माती चिकणमातीच्या बारीक कणांची असते आणि पाणी धरून ठेवते; तिच्याखाली मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण. कालव्यातून झिरपलेले आणि उसाला गरजेपेक्षा जास्त दिलेले पाणी पाषाणावर अडून साचत गेले, भूजलाची पातळी वर्षागणिक वर चढत राहिली आणि शेवटी ती पिकाच्या मुळांशी येऊन टेकली. मग उन्हाळ्यात हे पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे मातीच्या सूक्ष्म वाटांनी वर येई, उन्हाने उडून जाई आणि त्याने विरघळवून आणलेले क्षार पृष्ठभागावर सोडून देई. सकाळी अशा रानावर पांढरट पापुद्रा दिसतो, पायाखाली तो कुरकुरतो आणि दुपारपर्यंत वाऱ्याने त्याची भुकटी होते. हे क्षार सोडियमचे असले तर माती अधिकच बिघडते, कारण सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाणी मुरण्याच्या वाटा बुजतात, आणि जमीन ओली असताना लोण्यासारखी लिबलिबीत व वाळल्यावर विटेसारखी टणक होते. तिलाच 'चोपण' म्हणतात. चोपण रानात नांगराचा फाळ वरचेवर निसटतो, बी कुजते, आणि उगवलेच तर पीक पिवळे पडून खुंटते.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील या क्षारयुक्त जमिनींवर १९१० साली स्वतंत्र पत्रिका प्रसिद्ध केली. कालवा वाहू लागून तेव्हा पंचवीस वर्षेच झाली होती, आणि दुष्काळापासून वाचवायला आणलेले पाणी जमीन नासवत असल्याची शास्त्रीय नोंद इतक्या लवकर करावी लागली, ही बाब आजही विचारात पाडणारी आहे. त्यानंतर १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या पद्धती सुधारण्यासाठी पुण्यात एक खास विभाग स्थापन केला, ज्यातून पुढे खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था वाढली. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ जमिनींचा अभ्यास करून खोल चर काढण्याची, म्हणजे साचलेले पाणी उताराने ओढ्यात नेऊन सोडण्याची, कामे हाती घेतली. १९३२ साली नीरेकाठीच पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र उभे राहिले. एका कालव्याच्या गळतीने महाराष्ट्राला माती आणि पाण्याच्या शास्त्राची एवढी संस्थात्मक परंपरा दिली, हे या खोऱ्याचे फारसे न सांगितले गेलेले वैशिष्ट्य आहे.

साखर कारखान्यांनी पुढचा बदल घडवला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातच वालचंद हिराचंद यांनी कळंबजवळ वालचंदनगर वसवले, आणि स्वातंत्र्यानंतर सणसरला लागून असलेल्या भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गुऱ्हाळे मागे पडली. सहकाराने लहान शेतकऱ्याला बाजारात उभे केले, मुलांसाठी शाळा आणि घरासाठी पक्क्या भिंती दिल्या, आणि हे उपकार या भागातला कोणीही नाकारणार नाही. परंतु कारखान्याची चाके फिरती ठेवायची तर ऊस अखंड हवा, म्हणून गटपद्धतीतला विसाव्याचा क्रम मोडत गेला. जिथे पाट पोहोचत नव्हता तिथे कालव्यालगतच्या विहिरी कामी आल्या. आधी मोटेने, मग तेलाच्या इंजिनाने आणि शेवटी विजेच्या पंपाने उपसले जाणारे हे विहिरींचे पाणी बरेचसे कालव्याच्याच पाझराचे होते. ज्या झिरपणीविरुद्ध इंग्लिसच्या पिढीने चर खणले, तिच्यावरच नंतरच्या पिढीने बागायत वाढवले. उपशाने काही ठिकाणी भूजलाची पातळी उतरून चोपण होण्याचा वेग कमी झाला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

माळांच्या वाट्याला मात्र काहीच आले नाही. सारापद्धतीच्या भाषेत माळ म्हणजे 'पडीक', आणि पडीक म्हणजे कशासाठी तरी वापरून टाकायची जमीन, ही समजूत पाहणीच्या काळापासून आजच्या वसाहतींपर्यंत टिकून आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक आणि कधीकाळचा माळढोक यांचे हे घर आक्रसत गेले. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे, आणि इंदापूर तालुक्यात कडबनवाडीसारख्या थोड्या गवताळ पट्ट्यांत चिंकारा अजून तग धरून आहेत. या माळाची सर्वांत जिवंत आठवण वारीच्या वाटेवर दिसते. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसरच्या मुक्कामाला येताना काटेवाडीत थांबते आणि मेंढरांचा कळप पालखीभोवती धावत फेऱ्या घालतो. खुरांची धूळ उडते, लोकरीचा वास येतो, आणि दिंड्यांचा टाळमृदंग त्या धावेच्या तालात मिसळतो. कोकण-देशाची भटकंती संपवून धनगर ज्या दिवसांत माळावर परततात त्याच दिवसांत हे रिंगण येते. ज्या गावात हा सोहळा होतो त्याच्या भोवतालीही आता कळपाला मोकळी चराई फार थोडी उरली आहे.

हवामानबदलाने या जुन्या प्रश्नांना नवी धार आणली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या. पाऊस एकंदरीत वाढला नसताना तो थोड्या दिवसांत कोसळतो आणि मधले दिवस कोरडे जातात, असा याचा अर्थ. २०२३ च्या पावसाळ्यानंतर राज्य सरकारने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बारामती आणि इंदापूर होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस, मोसमी पाऊस नेहमीपेक्षा फार लवकर आला आणि बारामती-इंदापूर भागात अतिवृष्टी होऊन पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला व त्याचे पाणी शेतांत आणि वस्त्यांकडे पसरले. दुष्काळात कमी पडणाऱ्या पाण्यासाठी आखलेला मातीचा भराव अशा पावसापुढे टिकत नाही, ही अडचण १८७६ च्या अभियंत्यांसमोर या रूपात नव्हती. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळ, उष्णता, क्षार आणि पाणथळ यांसारख्या, म्हणजे कीड-रोगांखेरीजच्या, ताणांत पिके कशी तगतील याचा अभ्यास करते. तिच्या विषयांची ही यादी आणि या खोऱ्याचा इतिहास एकच आहे.

आता वाद कालव्याच्या अस्तरीकरणाचा आहे, म्हणजे कालव्याच्या तळाला आणि कडांना काँक्रीटचा थर देऊन गळती थांबवण्याचा. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, गावांना आवर्तनाचे पूर्ण पाणी क्वचितच पोहोचते. खडकवासल्याचे पाणी या टेलला मिळावे म्हणून आखलेल्या जोडकालव्याला सणसरचेच नाव आहे, परंतु पुणे शहराची तहान वाढत गेल्याने त्या पाण्याचा भरवसा उरलेला नाही. त्यामुळे गळती थांबावी ही टेलची मागणी रास्त आहे. कालव्यालगतचे शेतकरी मात्र पाझर बंद झाला तर विहिरी आटतील म्हणून अस्तरीकरणाला विरोध करतात, आणि त्यांची भीतीही खोटी नाही. पाझरावर किती विहिरी आणि किती क्षेत्र उभे आहे, आणि किती जमीन त्याच पाझराने चोपण झाली आहे, याची गावनिहाय मोजणी करून मगच काँक्रीटचा एकेक किलोमीटर ठरवावा, एवढी अपेक्षा या इतिहासावरून रास्त ठरते. सध्या आवर्तन बंद झाले की काही दिवसांत भरावालगतच्या विहिरींचे पाणी उतरते, त्यानंतर दूरच्या विहिरींचे. आणि वीरला कालव्याचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की रात्रपाळीला दारे धरणारा माणूस बॅटरी घेऊन आधी आपल्या विहिरीत डोकावतो.