सांध्यांची दुरुस्ती : जुनी आशा आणि नवें शास्त्र

मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्या मध्यें कोपर हें स्थानक आहे. येथें खालच्या मार्गावरून मुंबई-कल्याणच्या गाड्या धांवतात आणि त्यांच्या डोक्यावरून दिवा-वसईचा लोहमार्ग जातो. एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जावयाचें तर जिने चढल्यावांचून गत्यंतर नाहीं. सकाळच्या घाईंत तरुण मंडळी दोन-दोन पायऱ्या ओलांडीत वर जातात. पण त्याच जिन्याच्या कडेला, कठड्याचा आधार घेऊन, एक पाय वरच्या पायरीवर ठेवून दुसरा त्याच्याजवळ ओढीत चढणारीं प्रौढ माणसेंहि रोज दिसतात. स्थानकाचें नांव कोपर; पण तेथें परीक्षा होते ती गुडघ्याची.

अशा गृहस्थांच्या घरीं अलीकडे एका नव्या उपचाराची चर्चा चालते. ‘गुडघा बदलावयास नको, स्वतःच्याच रक्ताची सुई घेतली म्हणजे झिजलेला भाग पुन्हा भरून येतो,’ असें कोणी शेजारी सांगतो. दुसरा कोणी मूलपेशींचें नांव घेतो. झिजलेल्या वा तुटलेल्या अवयवाच्या जागीं कृत्रिम वस्तु न बसवितां, शरीराकडूनच तो पुन्हा घडवून घ्यावयाचा, हा या पुनर्जनन-चिकित्सेचा दावा आहे. खर्च मोठा आणि आशा त्याहूनहि मोठी, असा हा प्रकार असल्यामुळें घरांतील पुंजी त्यावर लावावी कीं लावूं नये, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढें उभा राहतो. त्याचें उत्तर शोधतांना या आशेचा इतिहास फार उपयोगी पडतो.

प्रथम सांध्याची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. दोन हाडांचीं टोकें जेथें एकमेकांवर फिरतात तेथें त्यांवर गुळगुळीत, पांढरट कूर्चेचें आवरण असतें. हाडाला हाड बांधून ठेवणारे ते अस्थिबंध आणि स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या त्या कंडरा. आतां हाड मोडलें तर तें सांधतें, हें सर्वांस ठाऊक आहे. कारण हाडांत रक्ताचा पुरवठा विपुल असतो. मोडलेल्या जागीं रक्त साकळतें, त्यांत नव्या पेशी वस्ती करितात आणि कांहीं आठवड्यांनीं तेथें नवें हाड तयार होतें. कूर्चेची गोष्ट निराळी आहे. तिच्यांत रक्तवाहिन्याहि नाहींत आणि मज्जातंतूहि नाहींत. सांध्यांतील द्रवांतून झिरपेल तेवढ्याच पोषणावर तिच्या विरळ पेशी जगतात. कंडरांना रक्त मिळतें, पण थोडें. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाचा अस्थिबंध तुटला तर तो बहुधा जुळून येतो. पण गुडघ्याच्या पोटांतला, संधिद्रवानें वेढलेला पुढचा अस्थिबंध तुटला तर त्याच्या दोन टोकांमध्यें रक्ताची गुठळी टिकतच नाहीं, आणि म्हणून तो आपणहून जुळत नाहीं. जेथें रक्त पोंचत नाहीं तेथें रक्ताचें काम कसें करवून घ्यावें, हाच या चिकित्सेपुढील मुख्य प्रश्न आहे.

भारतीय वैद्यकांत या विषयाचा पहिला पद्धतशीर विचार सुश्रुतसंहितेंत आढळतो. सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथें वर्णिले आहेत. मोडलेला अवयव ओढून सरळ करावा, पळस, वड, पिंपळ, अर्जुन, वेळू इत्यादींच्या सालींच्या पट्ट्या लावून तो बांधावा आणि पायाचें हाड मोडलें असल्यास रोग्याला फळीवर निजवून पांच खुंट्यांच्या योगानें तो पाय निश्चळ ठेवावा, असा क्रम सांगितला आहे. पट्टी थंडीच्या दिवसांत सातव्या दिवशीं, समशीतोष्ण ऋतूंत पांचव्या व उन्हाळ्यांत तिसऱ्या दिवशीं सोडून पुन्हा बांधावी, इतका तपशील त्यांत आहे. तरुण वयांत सांधा स्थिर होण्यास एक महिना, मध्यम वयांत दोन आणि उतारवयांत तीन महिने लागतात, हेंहि तेथें स्पष्ट म्हटलें आहे. वैद्यानें अवयव योग्य जागीं आणून ठेवावा. जोडण्याचें काम शरीर आपल्या गतीनें करील, असा या सर्वांचा मथितार्थ होय.

शरीराचाच एक भाग घेऊन दुसऱ्याची उणीव भरून काढण्याची कल्पनाहि महाराष्ट्राच्या भूमीला परकी नाहीं. इंग्रज व टिपू यांच्या युद्धांत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हातीं सांपडला, आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. पुढें सुमारें वर्षभरानें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें. कपाळाची कातडी मापानें कापून ती खालीं वळवावयाची. मात्र भुंवयांच्या मधली तिची देंठासारखी पट्टी न तोडतां सुमारें पंचवीस दिवस तशीच ठेवावयाची, अशी ती रीत होती. या पट्टीतून रक्त येत राही आणि म्हणूनच तें कातडें नव्या जागीं जिवंत राही. मुंबई इलाख्यांतील दोन इंग्रज डॉक्टरांनीं ही शस्त्रक्रिया पाहिली. १७९४ च्या आक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मध्यें तिचें वर्णन प्रसिद्ध झालें. आणि १८१४ सालीं कार्प्यू नांवाच्या इंग्रज शस्त्रवैद्यानें तीच रीत लंडनमध्यें यशस्वी करून दाखविली. त्या कारागिराचें नांव इतिहासानें राखून ठेवलें नाहीं. पण रक्ताचा संबंध तोडूं नये हें मर्म त्याला पुरतें उमगलें होतें.

याच शतकांत, १७४३ सालीं, विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें कूर्चेवरचा निबंध मांडला. कूर्चेचा व्रण हें फार त्रासदायक दुखणें असून ती एकदां नष्ट झाली म्हणजे पुन्हा भरून येत नाहीं, असा अनुभव त्यानें त्यांत नमूद केला. त्यानंतर दोनशें वर्षें उलटलीं तरी हा निर्णय बदलण्यासारखें कांहीं घडलें नाहीं.

त्याची किंमत महाराष्ट्रांतील आखाड्यांनीं पुष्कळ मोजली आहे. तेलाचें मर्दन, शेक, लेप आणि हाडवैद्याचे कुशल हात एवढ्यावर तालमींतील पिढ्यान् पिढ्या निभावल्या. निखळलेला खांदा बसविण्यांत हे हाडवैद्य तरबेज असत. पण सांध्याच्या पोटांत काय तुटलें आहे हें पाहण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढील ऑलिंपिकसाठीं, म्हणजे १९५६ च्या मेलबर्नसाठीं, त्यांची उमेद कायम होती. परंतु गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनें ती वाट बंद केली. ज्या गुडघ्यानें त्यांना हेलसिंकीपर्यंत नेलें त्याला पुन्हा उभें करण्याची विद्या त्या काळीं जगांत कोठेंच पुरती सिद्ध झाली नव्हती.

ती विद्या हळूहळू आकाराला आली. १९५९ सालीं ब्रिस्टलच्या प्रिडी यांनीं झिजलेल्या कूर्चेखालच्या हाडाला बारीक छिद्रें पाडण्याची रीत प्रसिद्ध केली. हाडांतील रक्त व मज्जा वर यावी आणि खड्डा भरावा, हा त्यांतील हेतु. अमेरिकेंत स्टेडमन यांनीं पुढें हीच कल्पना अधिक नाजूक हत्यारांनीं अमलांत आणली. खड्डा भरे खरा, पण नव्यानें आलेली कूर्चा मूळच्या कूर्चेपेक्षां निकृष्ट, व्रणाच्या वणासारखी तंतुमय असे आणि कांहीं वर्षांनीं पुन्हा झिजे. म्हणून स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील ब्रिटबर्ग, पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळा मार्ग धरला. रोग्याच्या गुडघ्यांतील कमी भार पडणाऱ्या जागेवरून कूर्चेचा लहानसा तुकडा काढावयाचा, त्यांतील पेशी प्रयोगशाळेंत वाढवावयाच्या आणि त्या पुन्हा त्याच रोग्याच्या खड्ड्यांत सोडावयाच्या, अशी ही पद्धति होती. १९९४ सालीं त्यांनीं २३ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि हंटरच्या निर्णयाला प्रथमच खरा धक्का बसला.

ही विद्या पुढें सह्याद्रीच्या माथ्यावरहि येऊन पोंचली. लोणावळ्याच्या एका प्रयोगशाळेंत रोग्याच्याच कूर्चेच्या व हाडाच्या पेशी वाढविण्याचें काम सुरू झालें आणि २०१७ सालीं भारताच्या औषध महानियंत्रकांनीं या दोन्ही उपचारांना मान्यता दिली. मात्र ही पद्धति कोणासाठीं आहे हें विसरून चालणार नाहीं. अपघातानें वा खेळांत कूर्चेला एका ठिकाणीं खड्डा पडलेला, पण बाकीचा सांधा निरोगी असलेला रोगी हा तिचा खरा अधिकारी. ज्याच्या गुडघ्यांतील कूर्चा वयोमानानें चोहोंकडून झिजून हाडावर हाड घांसूं लागलें आहे, त्याला तिचा उपयोग होत नाहीं. कोपरच्या जिन्यावर कठडा धरून चढणाऱ्यांपैकीं बहुतेकांचें दुखणें दुसऱ्या जातीचें असतें.

दुसरा उपचार रक्ताच्या सुईचा. रोग्याचें थोडें रक्त काढून तें यंत्रांत वेगानें फिरवितात आणि त्यांतील बिंबाणूंनीं समृद्ध असा भाग दुखऱ्या जागीं टोंचतात. जखम झाली असतां बिंबाणु तेथें जमून पेशींच्या वाढीला चालना देणारीं द्रव्यें सोडतात. तेव्हां रक्त जेथें कमी पोंचतें त्या कंडरेला हीं द्रव्यें हातानें नेऊन द्यावीं, हा तर्क मोठा आकर्षक आहे. कंडरेच्या अशा दुखण्याचें नांव महाराष्ट्रांत घरोघरीं पोंचलें तें २००४ सालीं. सचिन तेंडुलकर यांना ‘टेनिस एल्बो’ या कोपराच्या व्यथेमुळें सामने सोडावे लागले, तेव्हां ज्यांनीं टेनिसची फळी कधीं हातांत धरली नव्हती तींहि माणसें आपलें कोपर चांचपूं लागलीं. मे २००५ मध्यें लंडनला त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दिल्लीच्या कसोटींत ३५ वें शतक काढून त्यांनीं सुनील गावसकरांचा विक्रम मागें टाकला.

पुढच्याच वर्षीं, २००६ सालीं, अमेरिकेंतील मिश्रा यांनीं कोपराच्या या व्यथेवर बिंबाणूंची सुई गुणकारी ठरल्याचें प्रसिद्ध केलें. त्या प्रयोगांत अवघे २० रोगी होते, पण त्यानें जगभर उत्साहाची लाट उसळली. शास्त्राची रीत अशी कीं, उत्साहानंतर पारख येते. २०१० सालीं हॉलंडमध्यें टांचेच्या कंडरेच्या ५४ रोग्यांपैकीं अर्ध्यांना बिंबाणूंची व अर्ध्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई दिली. कोणाला काय मिळालें हें रोग्यांस सांगितलें नव्हतें. दोन्ही गट सारखेच सुधारले. २०२१ सालीं ऑस्ट्रेलियांत झिजलेल्या गुडघ्याच्या २८८ रोग्यांवर हाच प्रयोग झाला. वर्षभरानें वेदनेंत व कूर्चेच्या आकारमानांत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाहीं. त्याच वर्षीं कोपराच्या व्यथेवरील सर्व प्रयोगांचा एकत्र विचार करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेनेंहि, या सुईनें लक्षांत येण्यासारखा लाभ बहुधा होत नाहीं, असाच निष्कर्ष काढला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मिठाच्या पाण्यानेंहि माणसें सुधारलीं, याचा अर्थ त्यांचें दुखणें खोटें होतें असा नव्हे. काळ, विश्रांति व विश्वास यांच्या योगानें पुष्कळ दुखणीं आपोआप उतरतात, आणि त्याचें श्रेय हातीं असलेल्या सुईला मिळतें.

मूलपेशींची कथाहि याच वळणाची आहे. अस्थिमज्जेंत हाड घडविणाऱ्या पेशी असतात हें मॉस्कोच्या फ्रीडनस्टाइन यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दाखविलें. १९९१ सालीं अमेरिकेंतील कॅपलन यांनीं अशा पेशींना मूलपेशी हें नांव रूढ केलें आणि त्या नांवाबरोबर मोठ्या आशाहि रूढ झाल्या. परंतु या पेशी शरीरांत टोंचल्यावर स्वतः कूर्चा बनत नाहींत, तर आसपासच्या पेशींना रासायनिक संदेश देतात, असें पुढें आढळून आल्यामुळें खुद्द कॅपलन यांनींच २०१७ सालीं तें नांव बदलावें असें सुचविलें. आपणच दिलेलें नांव मागें घेण्याचा हा प्रामाणिकपणा शास्त्राला भूषणावह होय. २०२३ सालीं अमेरिकेंत सुमारें पावणेपांचशें रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत तीन प्रकारच्या पेशींची तुलना गुडघ्यांत नेहमीं देतात त्या स्टिरॉइडच्या सुईशीं करण्यांत आली. वर्षाअखेर पेशी वरचढ ठरल्या नाहींत. भारतांत वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, रक्ताच्या ठराविक रोगांखेरीज मूलपेशींचा उपयोग मान्यताप्राप्त प्रयोगाबाहेर करूं नये, असें बजावलें. आणि २०१९ च्या नियमांनीं अशा पेशींपासून बनविलेल्या द्रव्याला नव्या औषधाप्रमाणेंच परवानगीची अट घातली.

म्हणजे ही सारी चिकित्सा व्यर्थ आहे काय? तसें म्हणणेंहि न्यायाचें होणार नाहीं. २०२० च्या अखेरीस अमेरिकेंत गुडघ्यांतील तुटलेल्या अस्थिबंधासाठीं एका उपायाला मान्यता मिळाली : दोन टोकांमध्यें प्रथिनाचा स्पंज ठेवून तो रोग्याच्याच रक्तानें भिजवावयाचा, म्हणजे संधिद्रवांत न टिकणारी गुठळी तेथें टिकून राहते व त्या आधारानें बंध जुळतो. बॉस्टनच्या मार्था मरे यांनीं अनेक वर्षें खपून हा उपाय सिद्ध केला. पुण्याच्या त्या अनामिक कारागिराचें मर्म आणि या स्पंजाचें मर्म एकच आहे.

तेव्हां ज्या घरांत असा निर्णय घ्यावयाचा असेल तेथें डॉक्टरांस तीन गोष्टी निःसंकोच विचाराव्या. दुखणें नेमकें कोणतें : एका जागचा खड्डा, तुटलेला बंध, कीं सर्वत्र झीज? सुचविलेला उपचार त्याच दुखण्यावर, मिठाच्या पाण्याशीं तुलना करून, पारखला गेला आहे काय? आणि त्याला सरकारी मान्यता आहे कीं तो अद्याप प्रयोग आहे? प्रयोग असेल तर नियमानें चाललेल्या प्रयोगांत रोग्याकडून उपचाराचें मूल्य घेण्याची प्रथा नाहीं, हेंहि जाणून असावें. मांडीच्या स्नायूंचा नेमस्त व्यायाम आणि वजनाचा संयम हे उपाय जाहिरातींत दिसत नाहींत. पण झिजलेल्या गुडघ्याच्या वेदना कमी करण्यांत त्यांची उपयुक्तता पुनःपुन्हा सिद्ध झाली आहे. आणि सांधा पारच निकामी झाला तर तो बदलण्याची शस्त्रक्रिया आज मुंबई-पुण्यांत नित्याची झाली आहे; तिला भिऊन संशयास्पद सुयांवर पुंजी उडविणें शहाणपणाचें नव्हे.

सुश्रुतानें महिने मोजले, पुण्याच्या कारागिरानें पंचवीस दिवस वाट पाहिली, गोथेनबर्गच्या डॉक्टरांनीं पेशी वाढण्याचे आठवडे मोजले. एका सुईंत आणि एका दिवसांत गुडघा नवा करून देण्याचें वचन यांपैकीं कोणीहि दिलें नाहीं. कोपरच्या जिन्यावर एक-एक पायरी चढणाऱ्या माणसाला तसें वचन कोणी दिलें, तर त्यानें क्षणभर कठडा धरून थांबावें आणि पुरावा मागावा.