पडल्यानंतरचा कायदा

संध्याकाळची डेक्कन क्वीन बोरघाट चढू लागली की डब्यात कटलेटचा वास सुटतो. मी मात्र बोगदे मोजत बसतो. मूळ मार्गावर ते 25 होते.

1856 ते 1863 या काळात हा घाट फोडला गेला. 1861 च्या सुमारास इथे 40 हजारांहून जास्त मजूर राबत होते. सुरुंग, दरडी आणि त्याहून जास्त पटकी. मेलेल्यांचे अंदाज हजारांत जातात. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत वारला, मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने काम पुढे नेलं, हे आपल्याला नावानिशी माहीत आहे. मजुरांची फक्त संख्या उरली.

1881 मध्ये पहिला कारखाना कायदा आला. यंत्रांना कुंपण घाला, लहान पोरांना 9 तासांपेक्षा जास्त राबवू नका, असं तो गिरणीमालकांना सांगत होता. ती गिरणी बांधणारा गवंडी त्यात नव्हता. गिरणीला दार असतं, रोजचं मस्टर असतं. बांधकाम संपलं की साइटच उरत नाही, माणसं पांगतात. 1923 मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. पण बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेचा देशभराचा स्वतंत्र कायदा यायला 1996 उजाडलं. म्हणजे पडल्यावरचे पैसे आधी ठरले, पडू नये याची सोय 73 वर्षांनी. महाराष्ट्राचे नियम तर 2007 चे.

2009 मध्ये मी साइट इंजिनिअर म्हणून पहिल्या नोकरीला लागलो. रोज सकाळी मजुरांना सुरक्षेचं दहा मिनिटं सांगायचं आणि रजिस्टरवर त्यांचे अंगठे घ्यायचे, हे माझं काम. मी आठवड्याचे अंगठे शनिवारी एकदम घ्यायचो. सगळेच घ्यायचे. हेल्मेटं गोदामात असायची, तपासणीच्या दिवशी बाहेर यायची.

एका बुधवारी परांचीवरून एक बिगारी खालच्या स्लॅबवर पडला. कमरेचं हाड मोडलं. सेफ्टी बेल्ट त्याच्या अंगावर होता. त्याचा हूक अडकवायला जी दोरी बांधायची, ती कुणी बांधलीच नव्हती. बघायचं काम माझंच होतं.

रजिस्टरचं त्या दिवसाचं पान कोरं होतं. साहेबांनी शाईचं पॅड माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, हॉस्पिटलात जाऊन ये.

मी गेलो. पॅड बघून त्याने काही न विचारता अंगठा पुढे केला.