डिस्चार्ज कार्डावर नसलेलं माणूस

मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 साली सुरू झालं. लांबलांबून माणसं यायची, कुणी बैलगाडीनं, कुणी रेल्वेनं. पेशंटबरोबर घरचं माणूस असायचंच. त्यानं भाकरी करायची, अंग पुसायचं, रात्र जागायची. ऑपरेशन डॉक्टरांचं, पण शुश्रूषेचा मोठा वाटा नातेवाइकांचा. आज कुठल्याही सरकारी दवाखान्यात जाऊन बघा, जिन्याखाली तेच डबे, त्याच चादरी. सव्वाशे वर्षं आपली आरोग्यव्यवस्था या फुकटच्या माणसावर उभी आहे.

त्यानंतर सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. 2010 मध्ये केंद्राचा कर्करोग, मधुमेह, हृदयरोग आणि पक्षाघाताचा कार्यक्रम आला. 2012 मध्ये जीवनदायी योजना आली, तीच आता महात्मा फुल्यांच्या नावानं चालते. 2014 पासून 108 ची गाडी दारात येते. पण यातलं बहुतेक सगळं दवाखान्याच्या गेटपाशी संपतं. लकव्याचं खरं दुखणं तर गेटबाहेर सुरू होतं!

माझ्या वडिलांना अकराव्या दिवशी घरी सोडलं. कार्डावर सात गोळ्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाणी बसवूनच पाजायचं, लुळा हात धरून ओढायचा नाही, हे आईला कुणी करून दाखवलं नाही. दाखवलं ते मागच्या आळीतल्या एका बाईंनी. त्यांनी नवऱ्याचं चार वर्षं केलं होतं. जावळी-पाटणकडं तर कर्ता माणूस मुंबईला माथाडी, आणि घरी सून एकटी. शेत, जनावरं, पोरं, आणि वर खाटेवरचा सासरा.

मग नातेवाइकांना शिकवलं की झालं? ते पण तपासून झालंय. 'अटेंड' नावाचा अभ्यास भारतातल्या 14 केंद्रांवर, 1250 रुग्णांवर झाला आणि 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. निम्म्या कुटुंबांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं, निम्म्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी दोन्हीकडं जवळपास 47 टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी. शिकवू नका असा याचा अर्थ मी तरी लावत नाही. पण आधीच वाकलेल्या माणसावर फिजिओथेरपिस्टचंही काम टाकून भागत नाही, एवढं यातून मला दिसतं.

कायदा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता लिहिलेला आहे. केरळात 'आश्वासकिरणम' योजनेत सांभाळणाऱ्याला महिना 600 रुपये ठरवले. रक्कम चिल्लर आहे, पण निदान ते माणूस कागदावर आलं. आपल्याकडं 1980 पासूनची संजय गांधी निराधार योजना आहे, ती रुग्णासाठी. सांभाळणारीच्या हातात आपल्या गावात काय पडतं, विचारून बघा.

आणि ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. लकव्यानं अंग गेलेला माणूसही प्रमाणपत्र मिळालं की त्यात बसतो. बहुतेक ठिकाणी वर्षाकाठी सारखे पैसे वाटून फाईल बंद होते. त्यातून पाण्याची गादी, कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची गावात फिरती ठेवता येईल. चार-पाच गावांनी मिळून आठवड्याला एक फिजिओथेरपिस्ट आणता येईल. येत्या ग्रामसभेत आमच्या गावात हा विषय मी लेखी देतोय. मसुदा हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका.